सव्वा महिन्याचा अंधार

करडई काढायची ती दवात. ऊन चढलं की तिचे काटे टणक होतात, मग हाताला कितीही चिंध्या गुंडाळल्या तरी बोटं फाटतातच. म्हणून आमच्याकडं बायका पुरतं उजाडायच्या आधी रानात शिरतात आणि ऊन तापू लागलं की कापणी थांबवून बांधावर येऊन बसतात. काल काशीबाई विचारायला आली होती. वीस वर्षं ती आमच्या रानात काम करते आणि गावातल्या सगळ्यांसारखी मला ‘बाई’ म्हणते, कारण तिची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली.

“बाई, उद्यापासून धरावी म्हनते करडई. लई वाळली. आनखी चार दिस थांबलं तर बोंडाला हात लावू देनार न्हाय.”

“धर,” मी म्हणाले.

ती गेली नाही. दारातच घोटाळत म्हणाली, “तुम्ही येऊ नका तिकडं. घरीच ऱ्हावा. म्या बघते समदं.”

तीन वर्षं झाली, करडई काढायला आली की ती हेच सांगते. का सांगते ते, इरा आणि नीहार, तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

मागच्या रविवारी फोनवर, नीहार, तू म्हणालास की शाळेत हृदयाचा धडा चालू आहे. मग विचारलंस, “आजी, आत्याच्या बाळाच्या हार्टमधल्या नळ्या उलट्या होत्या ना? मग त्या बदलून का नाही लावल्या?” तुझ्या बाबांनी मागून तुला हटकलं आणि बर्फ किती पडलाय ते सांगायला सुरुवात केली. मी बर्फाचं ऐकत बसले.

लावल्या होत्या, नीहार. बदलून लावल्या होत्या.

त्या वर्षी करडई अशी आली होती की मुरुमच्या बाजाराला जाणारी माणसं गाडी थांबवून बघायची. आधी नुसता पिवळा रंग, मग फुलं वाळत चालली तसा त्या पिवळ्यात केशरी उतरत गेला. पौष होता. थंडी कोरडी, ओठ फुटायचे. तुमची आत्या, मंजिरी, पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. दवाखान्यात सुखरूप सुटली आणि तिसऱ्या दिवशी मुलगा घेऊन घरी आली. वजन चांगलं होतं. रडणं जरा बारीक होतं, पण काशीबाई म्हणाली, “लातूरचं पानी हाय, हळू बोलतंय. जावईबी तसंच हायेत.” मंजिरीला टाके दुखेपर्यंत हसू आलं.

बाळंतिणीची खोली मी स्वतः तयार केली होती. माझ्या आईनं माझ्यासाठी केली, सासूबाईंनी केली, तशीच. खिडकीला आतून घोंगडं लावलं. दाराला जाड पडदा. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशोपाची धुरी. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, वारं लागू द्यायचं नाही, उजेडात धरायचं नाही. मी एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. मोठमोठी पुस्तकं वाचली. पण मुलगी बाळंत होऊन घरी आली की बाई आपल्या आईसारखी वागायला लागते. वाचलेलं सगळं बाहेरच्या खोलीत राहतं.

माझा शिस्तीवर विश्वास होता. एक दोनशे पानी वही केली. बाळ किती वाजता प्यालं, किती मिनिटं, किती वेळा लंगोट बदलला, सगळं तिच्यात. तुमच्या बाबांच्या वेळीही अशी वही होती. चार मिनिटं. तीन मिनिटं. पिताना घाम. पाच मिनिटं, सोडून झोपलं. पुन्हा घाम. पौषातल्या थंडीत दूध पिताना बाळाला घाम येतो, हे मी रोज शाईनं नीट लिहीत होते. शेगडी जास्त होते म्हणून एक निखारा कमी केला.

सातव्या दिवशी रेखा आली. रेखा आमच्या गावची आशा कार्यकर्ती. नवीन बाळांच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन तपासायचं आणि फॉर्म भरायचा हे तिचं काम. दहावीला माझ्या वर्गात होती. दुसऱ्या बाकावर बसायची, स्पेलिंग कधी चुकवायची नाही. पायातल्या चपला बाहेर काढून ती पडद्याशी उभी राहिली.

“बाई, जरा घोंगडं सारू का? बाळाला उजेडात बघते.”

“वारं लागेल गं. आत्ताच झोपलंय.”

“दोन मिनिटं. ओठ बघायचे असतात, हातापायाचा रंग बघायचा असतो.”

“बघू दे की आई,” मंजिरी अंथरुणातून म्हणाली.

“रंग काय बघायचा? बापासारखा सावळा आहे,” मी म्हणाले. “तू काय लिहायचंय ते विचार. माझ्याकडं सगळं आहे.”

ती खाली बसली आणि मी वहीतून सांगत गेले. दूध किती वेळा, शी किती वेळा, ताप नाही. ती लिहीत गेली. एका जागी पेन थांबलं.

“चारच मिनिटं पितं, बाई?”

“लहान जीव आहे. दमतो.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. काहीतरी बोलायचं होतं तिला, मला दिसलं होतं. वर्गातही उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या मुली असतात. मी तिच्या फॉर्मवर बोट ठेवून म्हटलं, “इथं सगळं व्यवस्थित, असं लिही.” तिनं लिहिलं. पुढच्या खेपांनाही असंच झालं. दुसरं कुठलंही घर असतं तर तिनं भांडून खिडकी उघडली असती. माझ्या घरात ती विद्यार्थिनी होती.

बाराव्या दिवशी बारसं केलं, तेही आतच, समईच्या उजेडात. संदीपरावांच्या, म्हणजे तुमच्या आत्याच्या नवऱ्याच्या बहिणीनं कानात नाव सांगितलं, अथर्व. समईच्या उजेडात सगळीच माणसं पिवळी, तांबूस दिसतात. बाळही छान दिसत होतं.

सव्वा महिना संपला त्या दिवशी देवाला न्यायचं म्हणून मी त्याला नवं झबलं घातलं आणि अंगणात आले. सकाळचे दहा वाजले असतील. काशीबाई करडईची पहिली खेप टाकून तोंड धूत होती. ओल्या हातांनीच जवळ आली, वाकली, आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

“बाई, लेकराचं व्हट असं कसं वो? जांभळं खाल्ल्यावानी.”

मी काजळ पसरलं असेल म्हणून पदरानं पुसलं. ते पुसलं जाईना. नखं पाहिली. नखंही तशीच. देवाला गेलो नाही. संदीपराव आदल्याच दिवशी न्यायला आले होते, त्यांच्या गाडीनं तडक सोलापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीवर ते यंत्र फिरवलं, पडद्याकडं बघत विचारलं, “निळसर कधीपासून आहे?” मंजिरी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, “माहीत नाही.” ते खरंच होतं.

त्यांनी दिलेला कागद इंग्रजीत होता. सगळ्यांनी तो माझ्या हातात दिला. ट्रान्सपोझिशन ऑफ द ग्रेट आर्टरीज. त्यातला एकेक शब्द मला येत होता. सोलापूरहून लगेच पुण्याला न्यायला सांगितलं. वाटेत संदीपरावांनी दोनदा विचारलं, “आई, म्हणजे नेमकं काय हो?” मी दोनदा म्हणाले, “अदलाबदल.”

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात शल्यविशारदांनी पांढऱ्या कागदावर चित्र काढून सांगितलं. नीहार, तुझ्या धड्यात असेलच. हृदयातून दोन मोठ्या वाहिन्या निघतात. उजव्या कप्प्यातली फुप्फुसांकडं जाते, डाव्यातली सगळ्या शरीराकडं. अथर्वच्या त्या दोन्ही एकमेकींच्या जागी होत्या. त्यामुळं शरीरातून आलेलं वापरलेलं रक्त परत शरीरातच जायचं, आणि फुप्फुसातलं ताजं रक्त परत फुप्फुसातच. दोन विहिरी, दोन मोटा, आणि एकीचं पाणी दुसरीच्या रानाला नाही. वरच्या कप्प्यांमध्ये एक छिद्र होतं, जन्मतः सगळ्याच बाळांना असतं. त्यातून थोडं ताजं रक्त इकडं झिरपत होतं. एवढ्यावर तो चाळीस दिवस जगला होता.

यावर शस्त्रक्रिया आहे, आणि ती चांगली आहे, असं ते म्हणाले. पूर्वी वरच्या कप्प्यांच्या आत पडदे शिवून रक्ताची वाट वळवायचे. मुलं वाढायची, पण पुढं हृदय थकायचं. आता सरळ दोन्ही वाहिन्या मुळाशी कापतात आणि अदलाबदल करून शिवतात. त्याआधी हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या दोन बारीक धमन्या असतात, त्यांची तोंडं ज्वारीच्या दाण्याहून लहान. त्या सभोवतीच्या वाहिनीच्या भिंतीसकट गुंडीसारख्या कापून नव्या जागी शिवायच्या. हृदय अक्रोडाएवढं. दोरा डोळ्याला दिसत नाही असा. तेवढा वेळ हृदय थांबवून यंत्रावर ठेवायचं. हे सगळं ते शांतपणे सांगत होते आणि मी त्यांच्या बोटांकडं बघत होते. बोटं जाड होती, शेतकऱ्याच्या घरातली.

“मग करा ना,” मंजिरी म्हणाली.

त्यांनी चित्रातल्या डाव्या कप्प्यावर पेन टेकवलं. “जन्मतः दोन्ही कप्पे सारखेच बळकट असतात. पण याच्या डाव्या कप्प्याला फक्त फुप्फुसात रक्त ढकलायचं हलकं काम मिळालं. काम हलकं झालं की तो पातळ होत जातो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ आलं की आम्ही लगेच करतो. आता हा कप्पा पुष्कळ पातळ झालाय. एकदम सगळ्या शरीराचा भार त्याच्यावर टाकला तर तो पेलेल असं वाटत नाही.”

त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. मीच पिशवीतून वही काढून त्यांच्यापुढं ठेवली. का ठेवली, सांगता येत नाही. त्यांनी पानं उलटली. “अक्षर सुंदर आहे,” म्हणाले. मग एका पानावर बराच वेळ थांबले आणि वही हलकेच मिटली. “सगळं लिहिलंय यात.”

दोन रस्ते होते. जुनी, आतून वाट वळवायची शस्त्रक्रिया. किंवा त्या डाव्या कप्प्याला आधी तयार करायचं. फुप्फुसाच्या वाहिनीला एक पट्टी आवळायची, म्हणजे कप्प्याला जोर लावावा लागेल आणि काही दिवसांत तो जाड होईल. मग अदलाबदल. माझ्या डोळ्यांपुढं खोंड आलं. आपल्याकडं नव्या खोंडाला एकदम नांगराला जुंपत नाहीत. आधी ओंडका ओढायला लावतात. पण खोंड दोन वर्षांचं असतं.

संदीपरावांनी मंजिरीकडं पाहिलं. मंजिरीनं माझ्याकडं. “आई, तू सांग.”

आमच्या घरात दिवाणखान्याच्या रंगापासून तुमच्या बाबांच्या कॉलेजपर्यंत सगळं मी सांगितलेलं आहे. त्या खोलीत मी मान खाली घातली. शेवटी संदीपरावच म्हणाले, “पट्टी बांधा.”

आधी वरच्या कप्प्यांमधलं छिद्र फुग्यानं मोठं केलं. मग पट्टी. मग थांबणं. बाहेरच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि प्रत्येक कुटुंबाची एक ठरलेली खुर्ची झाली होती. आमच्याशेजारी तेरखेड्याची एक आजी होती, तिच्या नातवाच्या हृदयाला भोक होतं. ती सगळ्यांना हसवायची. “आमच्या गावात समदे फटाके करत्यात,” म्हणायची, “आन् माझ्या नातवाला चमचा पडला तरी धडकी भरती. देवानं नेमका आमच्याच घरात भित्रा धाडला.” तिचा नातू आठवड्यात बरा होऊन गेला. जाताना तिनं उरलेली बिस्किटं माझ्या मांडीवर ठेवली. “तुमचंबी व्हईल,” म्हणाली, पण बसली नाही.

मंजिरी तीन-तीन तासांनी दूध काढून बाटलीत द्यायची. बाटलीवर चिठ्ठी असायची, ‘मंजिरीचं बाळ’. अथर्व हे नाव तिथं कुणी वापरत नव्हतं. पट्टीनंतर दोन दिवस त्याची तब्येत फारच ढासळली. मग सावरली. रोज यंत्रानं मोजायचे, आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणायचे, “थोडा जाड झालाय.” दुसऱ्या दिवशी, “अजून थोडा.” मी माझ्या वहीत हे लिहिलं नाही. वही मी पिशवीच्या तळाशी कपड्यांखाली घातली होती.

नवव्या दिवशी अदलाबदल केली. सकाळी आठला आत नेलं आणि दिवे लागायच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. टोपीच्या काठाचा वळ कपाळावर उमटला होता. “शिवण चांगली झालीय. धमन्याही नीट बसल्या. आता कप्प्यावर आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी एकेकाला आत सोडलं. मी गेले. छाती अजून मिटवलेली नव्हती. सूज असते म्हणून उघडी ठेवतात. वर एक पातळ, पारदर्शक आवरण लावलं होतं. त्याखाली ते हलत होतं. एवढंसं. मी ते पाहिलं आहे, आणि या पृथ्वीवर आजीनं काय पाहू नये याची कुणी यादी केली तर ते पहिलं येईल. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ गुलाबी होते. नखं गुलाबी होती. जन्मल्यापासून पहिल्यांदा त्याच्या अंगात योग्य रक्त योग्य वाटेनं चाललं होतं. तो सावळा नव्हताच मुळी. गोरा होता, मंजिरीसारखा.

दीड दिवस तो गुलाबी होता. मग डावा कप्पा थकला. औषधं वाढवली, यंत्र लावलं. डॉक्टर आमच्यापुढं बसले, उभ्यानं नाही सांगितलं, हे मला आठवतं. म्हणाले, “त्यानं खूप जोर लावला. कप्प्याला नाही जमलं.”

पुण्याहून परत येताना इंदापूरच्या पुढं मंजिरीचा ब्लाउज दुधानं भिजला. ती म्हणाली, “गाडी थांबवा.” रस्त्याच्या कडेला पाठमोरी उभी राहून तिनं दूध मातीत काढलं. मी जवळ गेले तशी म्हणाली, “आई, तू गाडीत बस.”

एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत. रानाच्या वरच्या कोपऱ्यात, काशीबाईच्या नवऱ्यानं खड्डा घेतला. करडई निम्मी काढून झाली होती, निम्मी उभी. बायका कापायच्या थांबल्या. काशीबाई पुढं आली, तिनं आधी हातांवरच्या काटे लागून फाटलेल्या चिंध्या सोडल्या, हात पदराला पुसले, आणि मग मंजिरीच्या हातून बाळ घेतलं. ऊन चढत होतं. संदीपराव मला म्हणाले, “आई, तुम्ही सावलीत बसा. चक्कर येईल.”

मला कुणीही काही म्हणालं नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. आपल्याकडं थोरल्या माणसाला तोंडावर दोष देत नाहीत. जेवायला बसलं की पहिलं ताट मला येतं. संदीपराव अजून सणाला येतात, वाकून नमस्कार करतात. त्यांनी एकदा ताट भिरकावलं असतं तर मी ते अंगावर घेतलं असतं. हा मान घेऊन बसणं फार अवघड आहे, मुलांनो.

फक्त रेखा आली होती. स्वयंपाकघराच्या दारात बसून रडली. “बाई, मी खिडकी उघडायला पाहिजे होती.”

“मी उघडू दिली नाही,” मी म्हणाले.

“तरी उघडायला पाहिजे होती.” नाक पुसून ती उठली. “आता कुणाचं ऐकत नाही मी. तुमचंबी ऐकणार नाही.” आणि खरंच ऐकत नाही. गावात लोक तिला उर्मट म्हणतात. मागच्या महिन्यात पाटलांच्या घरात बाळंतिणीचा पडदा तिनं खाली ओढून काढला, त्यावरून केवढी बोलाचाली झाली.

परंपरा वाईट, असं मी लिहिणार नाही. माझी आई त्याच अंधारात मला सांभाळत होती आणि मी जगले. अडाणी बाईनं हे केलं असतं तर रेखानं तिला जुमानलं नसतं, आणि बाळ सातव्या दिवशी सोलापुरात गेलं असतं. त्याच्या आड आलं ते माझं शिक्षण. माझ्या आवाजातली खात्री आड आली. मला ठाऊक नाही हे म्हणायची मला सवय नव्हती, आणि ते मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हा चाळीस दिवस होऊन गेले होते.

काल काशीबाई करडईचं विचारून गेल्यावर दुपारी मंजिरीचा फोन आला. तुमच्या आत्याला पुन्हा दिवस गेले आहेत, आठवा महिना लागला. पोटातल्या बाळाच्या हृदयाची तपासणी पाचव्या महिन्यातच झाली आहे. दोन्ही वाहिन्या आपापल्या जागी आहेत. हे तिनं तेव्हा कळवलं होतं, आणि मी माहेरच्या बाळंतपणाची तयारी सुरू केली होती. काल तिला तेच सांगत होते, की बाज उन्हात टाकलीय, डिंक आणवलाय.

“आई,” ती म्हणाली, “मी या खेपेला तिकडं येणार नाही. लातूरलाच राहते.”

“बरं.”

“तू वाईट वाटून घेऊ नको.”

“नाही गं.”

तिनं मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मग ती हवापाण्याचं बोलली, करडई कशी आलीय ते विचारलं, आणि मी नीट उत्तरं दिली. फोन ठेवला. मला वाटलं होतं, आता रडू येईल. खुर्चीत बसून मी त्याची वाट पाहिली. ते आलं नाही. ते बाळ माझ्या हातात असणार नाही, या विचारानं मला हायसं वाटत होतं.